आमच्याच वाट्याला का? : वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली पत्रं जास्त होती. विषय निरनिराळे असले तरी बहुतेक पत्रांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसले: ‘हे का घडलं?’ आणि ‘आता करायचं काय?’ पहिल्या प्रश्नाला कधी उत्तर असतं, कधी नसतं, आणि नसतं तेव्हा ते विकायला माणसं दारात येतात. दुसऱ्याला मात्र वार, वेळ आणि रक्कम घालून उत्तर देता येतं. उत्तरं समुपदेशकांनी लिहिली आहेत. डाळिंबाच्या पत्रासाठी शेतीतल्या जाणकारांचीही मदत घेतली. पत्रलेखकांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : पूर्वभाग, सोलापूर

माझे वडील यंत्रमागावर होते. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळीत छातीत कळ आली आणि गेले. वय ५४. आई घरी विड्या वळते. आधी दिवसाला आठशे-नऊशे व्हायच्या, आता तीनशेवर हात थांबतो. आम्ही मार्कंडेयाला मानणारी माणसं. आई विचारते, त्या पोराला देवानं सोळाव्या वर्षी यमाच्या हातून सोडवलं, मग तुझ्या बापानं काय पाप केलं होतं? शेजारच्या बायका सांगतात, मागच्या जन्माचं काही असेल. आईनं दिवा लावणं सोडलंय. भाऊ म्हणतो, बरं झालं, थोतांड सुटलं. मला काही सुचत नाही. आईला लिहिता-वाचता येत नाही.

उत्तर

ताई, आईनं विचारलेला प्रश्न रुसलेल्या भक्ताचा आहे. ज्याचा विश्वास पार उडाला तो मार्कंडेयाशी हिशेब घालत बसत नाही. तेव्हा भावानं एवढ्यात निकाल लावू नये, आणि तुम्हीही दिव्यासाठी आईच्या मागे लागू नका. तुम्हाला स्वतःला लावावासा वाटला तर लावा. तिला वाईट वाटेल किंवा बरं वाटेल म्हणून नको.

मार्कंडेयाच्या कथेत सुटतो तो एकच मुलगा. बाकीच्यांचे आईबाप, नवरे, लेकरं त्या काळातही जातच होती आणि पुराणानं ते लपवलेलं नाही. यम समोर उभा असताना त्या मुलानं पिंडीला मिठी मारली, हा कथेचा गाभा. ‘भक्ती केली की मरण टळतं’ असा करार तिच्यातून काढला, तर घरातल्या पहिल्याच मृत्यूला तो मोडतो आणि मग माणूस स्वतःचं पाप शोधायला लागतो. पण हे व्याख्यान आईला देऊ नका. तिनं पुन्हा विचारलं की ‘मलाही कळत नाही गं आई’ एवढंच म्हणा आणि शेजारी बसा.

शेजारणींचं उत्तर मात्र थांबवायला हवं. कर्माच्या विचारात संचित (मागचा साठलेला साठा), प्रारब्ध (त्यातलं आता भोगायला आलेलं) आणि क्रियमाण असे तीन भाग सांगितले आहेत. क्रियमाण म्हणजे आज आपल्या हातून जे चाललंय ते. लोक बोलतात पहिल्या दोहोंवर, कारण त्यात स्वतःला काही करावं लागत नाही. शिवाय हा विचार माणसानं स्वतःच्या वागण्यापुरता वापरायचा; दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचं पाप मोजण्यासाठी तो नाही. पुढच्या वेळी आईसमोरच सांगा: ‘मावशी, असं बोलणं झालं की आई रात्रभर डोळा मिटत नाही. त्यापेक्षा तासभर तिच्यासोबत पानं कापायला बसा.’ चार जणींपैकी एक तरी बसेल.

एका ‘का’ला मात्र उत्तर आहे आणि ते तुम्हा भावंडांच्या उपयोगाचं आहे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीसाठी तो धोक्याचा घटक धरतात. भावानं आणि तुम्ही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या महिन्यात तपासून घ्या. भाऊ तंबाखू खात असेल किंवा विडी ओढत असेल, तर देव आहे की नाही या वादाआधी तो विषय काढा.

आता आईचं काम. सूप मांडीवर, पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. यात हात गुंतलेले राहतात आणि डोकं मोकळं. म्हणून विड्या वळतानाच जास्त भरून येतं आणि तीनशेवर हात थांबतो. नवऱ्यामागे कामाचा वेग निम्म्याच्याही खाली येणं यात काही जगावेगळं नाही. बघायचं ते पुढचं वळण. एखाद्या वहीत रोजचा आकडा टिपा. तिला न दाखवता टिपलात तरी चालेल. महिन्याभरात तीनशेचे साडेतीनशे, चारशे होत असतील, मधे एखाद्या दिवशी दीडशेवर आले तरी, शोक आपल्या वाटेनं चाललाय असं समजा. मात्र आकडा उतरतच चाललाय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण सुटलंय, ‘मलाही घेऊन जा’ असं तोंडी येतंय आणि हे सलग दोन आठवडे चाललंय, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. ‘मलाही घेऊन जा’ हे बोलणं वारंवार व्हायला लागलं, तर दोन आठवडेही थांबू नका. औषध सुरू झालं तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करणं ही नेहमी होणारी चूक. सहा महिने उलटूनही शोक पहिल्या आठवड्याइतकाच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला वेगळं नाव आणि उपचार आहेत. म्हणजे ‘काळ हेच औषध’ प्रत्येकाला लागू पडत नाही.

मन मोकळं करायची एक पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात तपासून मांडली: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटं, मनातलं न थांबता लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. दुःख अगदी ताजं असताना ही पद्धत वापरत नाहीत, पण चार महिन्यांनी हरकत नाही. आईला लिहिता येत नाही, तर बोलू द्या. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून द्या, दार लोटून घ्या, ती तेलुगूत बोलो की मराठीत. त्या रात्री काय झालं, नवऱ्याला काय सांगायचं राहिलं, ‘आज कामावर जाऊ नका असं मी म्हणायला हवं होतं’ हेसुद्धा. ऐकायचं कुणीच नाही. तिनं सांगितलं तर पुसून टाकायचं. बोलून झाल्यावर तासभर जास्तच जड वाटतं, त्यामुळे हे झोपायच्या वेळी करू नका, दुपारी करा. तासाभरानंही सावरत नसेल तर पद्धत सोडून द्या. ती सगळ्यांना मानवतेच असं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात आणि पहिल्या वर्षातले सण एकेक करून अंगावर येतात. आताच कॅलेंडर काढा आणि नारळी पौर्णिमेची मार्कंडेयाची रथयात्रा, बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांचा सण), दिवाळी, संक्रांत, वडिलांचा वाढदिवस अशा तारखांना खूण करा. प्रत्येक तारखेला आई कुठे असेल आणि सोबत कोण असेल, एवढं आधी ठरवा. सगळ्यांत लागतं ते संक्रांतीचं हळदीकुंकू, कारण तिथे बोलावणंच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. तुमच्या गल्लीला ठरावाची वाट बघायची गरज नाही. बोलावणं तुम्हीच करा, तिळगूळ आईच्या हातून वाटा.

कागदांचंही बघा. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत पात्र विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का, तेही मालकाकडून लेखी घ्या. असल्या फेऱ्यांना आईला एकदा तरी सोबत न्या. सही किंवा अंगठा तिचा लागतोच, आणि घरातला एखादा निर्णय आपल्या हातात आहे हे तिला त्या रांगेत उभं राहून कळतं.

प्रश्न : मूळ गाव बार्शी, सध्या सोलापुरात

वय २९. राज्यसेवेचा पाचवा प्रयत्न चालू आहे. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. वडील म्हणतात, ‘पांडुरंगाच्या मनात असेल तर होईल.’ मला ते पटत नाही आणि स्वतःवरही भरवसा राहिलेला नाही. अभ्यासिकेत दहा तास बसतो, त्यातले चार नुसते पान बघत जातात. जगण्याला अर्थ राहिला नाही असं वाटतं.

उत्तर

शेवटचं वाक्य तुम्ही कशा अर्थानं लिहिलंत ते पत्रावरून कळत नाही, म्हणून सरळ विचारतो: स्वतःला संपवायचे विचार येतात का? येत असतील तर पुढचं उत्तर नंतर वाचा आणि आधी १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि खोलीतल्या मित्राला आजच सांगा.

तसं नसेल, तर अडलंय कुठे ते पाहू. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत तीन रकाने असतात: घडलेली घटना, तिच्याकडे बघण्याची दृष्टी, आणि त्यातून होणारा परिणाम. आपण समजतो, पहिल्यातून थेट तिसरं येतं. तुमच्या बाबतीत घटना एवढीच, की दोनदा अंतिम यादीत नाव आलं नाही. दृष्टी कुठली? बहुधा ही: ‘अधिकारी झालोच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा.’ हा ‘च’ पानं नुसती बघायला लावतो, कारण प्रत्येक चुकलेला प्रश्न मग तुमच्या किमतीवरचा निकाल होतो. वहीत रोज एक प्रसंग तीन रकान्यांत लिहा आणि चौथ्या रकान्यात ‘च’ काढून तेच वाक्य: ‘अधिकारी व्हायला मला फार आवडेल; नाही झालो तर वाईट वाटेल, वर्षभर वाटेल, पण मी संपत नाही.’ पहिल्या आठवड्यात हे पोपटपंची वाटतं. तीन-चार आठवडे नेटानं केलं की मग फरक दिसू लागतो. दोन दिवस करून सोडणारेच जास्त असतात.

वडिलांच्या वाक्याला खोडत बसू नका. निकाल आपल्या हातात नाही, एवढंच ते त्यांच्या भाषेत म्हणताहेत, आणि ते खरंच आहे. जागा किती निघणार, कटऑफ कुठे लागणार, पेपर कसा येणार, यातलं काहीही तुम्ही ठरवत नाही.

खरी मेख वेगळी आहे. राज्यसेवेला खुल्या गटात वयाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे दार इतक्यात बंद होत नाही, आणि कुठे थांबायचं ते परीक्षा सांगत नाही. ते तुम्हाला ठरवायला लागेल आणि निकाल लागायच्या आधी ठरवायला लागेल, कारण निकालाच्या दिवशी माणूस एकतर सगळं सोडतो किंवा ‘अजून एकच’ म्हणतो. आज कागदावर लिहा: किती प्रयत्न अजून, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी कुठल्या दारात जाणार. तो कागद वडिलांना वाचून दाखवा. दहा तासांचे सहा करा, कारण तसेही सहाच होतात. सुटलेले तास कमाईला लावा: शिकवणी, डेटा एंट्री, मेडिकल दुकानातली संध्याकाळ, काहीही. महिन्याला चार-पाच हजार स्वतःचे आले की घरून येणाऱ्या फोनची भीती कमी होते, आणि परीक्षेबाहेर आपण कुणाच्या उपयोगी पडतो हे रोज दिसतं. अर्थ राहिला नाही असं जे वाटतं ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी सैल होतं. शिकवणी घेतलीत तर पूर्वपरीक्षेचा विषय शिकवू नका. तो पुन्हा परीक्षेतच नेऊन बसवतो. सातवी-आठवीचं गणित शिकवा.

प्रश्न : सांगोला तालुका

दोन एकर डाळिंब. सलग दोन वर्षं तेल्यानं बाग गेली. बांधाला लागून चुलत भावाची बाग आहे, तिथे एवढा त्रास नाही. आमच्या ओळखीच्या एका बाबांनी बाग बघून सांगितलं, करणी केलेली आहे, शिवेवर काहीतरी पुरलंय. भावकीतल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईकडे बोट दाखवलं. उतारा करायला ३१,००० मागतात. घरात कारभारीण म्हणते, देऊन टाका, एवढे गेले तिथे हेही. माझं मन तयार होत नाही, पण माझ्याच बागेत का, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

उत्तर

दादा, पैसे देऊ नका. आणि तुमच्या ‘का’ला इथे उत्तर आहे.

तेल्या झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे येतो. पानावर आणि फळावर तेलकट, पाणचट डाग, मग ते काळे पडतात आणि फळ वाय किंवा एल आकारात तडकतं. तो पसरतो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट झाडाच्या गुटी कलमांतून. शेजारच्या बागेत कमी आणि तुमच्याकडे जास्त, याची कारणं बांधावर उभं राहून तपासता येतात. कलमं कुणाकडून आणली? बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचा हंगाम, कुठला धरता? मृग बहारात फळ वाढतं ते ऐन पावसाळ्यात, जिवाणूला लागतो तो ओलावा तेव्हाच. हस्त बहारात फळवाढीचा काळ कोरडा जातो. छाटणीची टोळी आधी कुणाच्या बागेतून आली होती आणि कात्र्या धुतल्या होत्या का? पडलेली फळं आणि पानं बागेतच कुजली का? वारं आणि पाऊस कुठल्या अंगानं येतो? चुलत भावाला हेच पाच प्रश्न विचारा आणि दोघांची उत्तरं शेजारी मांडा.

या हंगामात करायचं ते असं. काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून छाटा. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात बुडवा. हेच नेमकं होत नाही, कारण मजूर कंटाळतात. म्हणून दोन कात्र्या ठेवा, एक बुडलेली, एक हातात. छाटलेलं सगळं बागेबाहेर नेऊन जाळा. मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करा, त्याच दिवशी फवारा. घासलेला लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. झाड पिवळं पडून आख्खं वाळत असेल तर तो मर रोग, त्याचा इलाज वेगळा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरजवळ केगावला आहे. रोगट फांदी आणि फळ पिशवीत बंद करून, सोबत फवारणीची वही घेऊन जा.

बोट दाखवलेल्या त्या बाईंचा प्रश्न बागेपेक्षा मोठा आहे. एखाद्यानं करणी केली असा आरोप करणं आणि त्याची भीती घालून पैसे काढणं हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते. तुमच्या तोंडून तो आरोप पुढे गेला, तर तुम्हीही अडचणीत याल. बाबांचं बोलणं आजपासून कुणाला सांगू नका, आणि कारभारणीलाही हे नीट समजावा. वारी, पूजा, नवस, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. शेतात नारळ फोडायचा असेल तर जरूर फोडा. फोडून झाल्यावर कात्री धुवा.

प्रश्न : जुळे सोलापूर

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. सगळं अंथरुणात. माझं वय ४१. येणारे-जाणारे म्हणतात, ‘पुण्य कमावतेस.’ मला मात्र राग येतो, आणि परवा मनात आलं, आता सुटल्या तर बरं. तेव्हापासून देवासमोर उभी राहवत नाही.

उत्तर

ताई, रोज कुणाला कुशीवर वळवणाऱ्या, पुसणाऱ्या, भरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हे कधी ना कधी येतं. त्यात त्यांच्या हालांचा शेवट व्हावा हेही असतं आणि तुमच्या कष्टांचा व्हावा हेही. दोन्ही खरं. धोका विचारात नाही, हात उगारला जाण्यात आहे. तशी वेळ आली, तर त्यांना कुशीवर सुरक्षित ठेवून दहा मिनिटं खोलीबाहेर जा.

‘पुण्य’ हा शब्द तुमच्या घरी फुकटच्या कामावर पांघरूण घालायला वापरला जातोय, असं पत्रावरून आम्हाला वाटतं. एका कागदावर दिवसाची कामं मिनिटांसकट लिहा. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला, टाचांना लाली आली का बघणं, उठवून बसवून भरवणं आणि त्यानंतर अर्धा तास आडवं न करणं, डायपर, मालीश, औषधं. बेरीज बहुधा आठ-नऊ तासांवर जाईल. तो कागद नवऱ्यासमोर आणि दिरांसमोर ठेवा. ‘मदत करा’ म्हणू नका, त्यानं काही होत नाही. ‘रात्री अकरा आणि एकची कूस तुमची, रविवारी दहा ते दोन घर तुमचं’ असं ठरवून घ्या. बाहेरगावचे दीर येऊ शकत नसतील तर आठवड्यातून तीन दिवसांच्या आयाबाईचा पगार त्यांचा. रविवारच्या त्या चार तासांत बाजारहाट करू नका. झोपा, नाहीतर तलावाच्या काठानं चालून या.

प्रश्न : अक्कलकोट रोड

मुलगा दुखण्यातून उठावा म्हणून तुळजाभवानीला चांदीचा पाळणा बोलले होते. मुलगा बरा झाला. आता चांदी परवडत नाही. कोप होईल का?

उत्तर

पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ म्हणतात: जेवढं कळतं तेवढ्यानं, जे मिळालं त्या साहित्यानं. ऐपतीची सवलत विधीतच लिहिलेली आहे. कर्ज काढून नवस फेडू नका. लाकडी पाळणा वाहा, किंवा देवीची ओटी भरा आणि मनाला आलेल्या रकमेचं औषध एखाद्या गरजू लेकराला घेऊन द्या. मुलाच्या औषधांचा उरलेला कोर्स मात्र पूर्ण करा.

प्रश्न : सोलापूर शहर

आमच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाला, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठीला, माणूस असतो. बायकोच्या आजारपणानंतर आणि जाण्यानंतर माझा देवावरचा विश्वास गेला. काका म्हणतात, यंदा तू. बाराबंदी घालून उभं राहणं ढोंग होईल का?

उत्तर

ढोंगात कुणीतरी फसायला लागतं. तुम्ही काकांना खरं सांगितलंत तर फसलं कोण? अडचण न सांगता उभं राहण्यात आहे, कारण मग अक्षता सोहळ्याच्या गर्दीत तुम्ही एकटेच पडाल.

विश्वास आणि आपलेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमची पहिलीच गेलेली दिसते. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या विचारांच्या परिघातले. त्या परंपरेत कायक, म्हणजे अंगमेहनतीचं प्रामाणिक काम, हीच पूजा. त्यांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांइतकीच लोकांच्या श्रमातून खोदलेल्या तलावाची आठवण हे गाव ठेवतं. देव न मानणाऱ्यालाही त्यात जागा सापडते. पण सापडायलाच हवी असं नाही. यंदा नकोसं वाटत असेल तर नको म्हणा. बायको गेल्यानंतरची ही पहिलीच यात्रा असेल तर आमचं मतही नाही असंच आहे: ती काठी जड असते, आणि मन विस्कटलेलं असताना तोल राखण्याचं काम अंगावर घेऊ नये. मिरवणुकीत पाणी वाटणं, गर्दी मागे सारणं, म्हाताऱ्यांना सावलीत बसवणं ही कामं बाराबंदीशिवाय होतात. आणि काकांना सराव सुरू व्हायच्या आधी सांगा, म्हणजे तुमच्या जागी घरातलं दुसरं पोरगं तयार करायला त्यांना वेळ मिळेल.